पातळ पत्र्याची पकड : घरगुती कार्यशाळेतील सर्वांत अवघड पाठ

पांढरकवडा : कापसाचा हंगाम सुरू झाला, की केळापूर तालुक्यातील जिनिंग कारखान्यांची धडधड वाढते आणि त्याबरोबर गावातील लेथवाले, वेल्डिंगवाले व घरच्या पडवीत ड्रिल मशीन मांडून बसलेले मिस्त्री यांच्याकडील कामही वाढते. कुणाला बेअरिंगवरचे झाकण हवे असते, कुणाला चार छिद्रांची पट्टी, कुणाला फवारणी पंपाचा वॉशर, तर कुणाला दोन भागांमधील फट भरणारा पातळ शिम. नागपूर येथून सुमारे दीडशे किलोमीटर. तेथून सुटा भाग आणण्यात एक दिवस आणि एका माणसाची मजुरी जाते. त्यामुळे असा भाग गावातच, हाताशी असलेल्या यंत्रावर घडवता आला तर त्याचे मोल मोठे असते.

हे सारे भाग दिसायला क्षुल्लक असतात. जाड लोखंडी दांडा कातण्यापेक्षा दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला छिद्र पाडणे सोपे, असा नवशिक्याचा समज असतो. वास्तव नेमके उलटे आहे. दांडा चकात घट्ट बसतो, तर पत्रा वाकतो, थरथरतो, हत्यारावर चढतो आणि प्रसंगी गरगर फिरून कारागिराच्या बोटांवर येतो. यंत्रकामात हत्यार कसे चालवावे यापेक्षा वस्तू कशी पकडावी, हा प्रश्न अनेकदा अधिक कठीण ठरतो. पातळ पत्र्याच्या बाबतीत तर हा प्रश्न म्हणजेच सारे काम होय.

घरगुती कार्यशाळेची परंपरा

लहान जागेत, स्वतःच्या बुद्धीने यंत्रकाम करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर या वस्तूंनी त्यांचे नाव शेतकऱ्यांच्या घरोघरी नेले आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९४१ मध्ये हरिहर येथे सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्कर कंपनीच्या लेथनी पुढे देशभरातील कारखान्यांत आणि प्रशिक्षण संस्थांत जागा मिळवली. इंग्लंडमध्ये घरगुती यंत्रकाम करणाऱ्यांसाठी ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक १८९८ पासून निघू लागले. पडवीतला लेथ ही जगभरची गोष्ट आहे, आणि पातळ पत्रा पकडण्याची अडचणही तशीच जगभरची आहे.

पत्रा वाकतो तो का?

सपाट पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी निम्मी झाली, की ताठपणा निम्मा न होता एक अष्टमांश उरतो. ६ मि.मी. जाडीच्या पट्टीऐवजी तेवढ्याच लांबी-रुंदीचा १.५ मि.मी. पत्रा घेतला तर त्याचा ताठपणा चौसष्ट पटींनी कमी होतो. बाजारात पत्रा आजही अनेक ठिकाणी गेजने मागितला जातो. प्रचलित मापानुसार १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मि.मी., १८ गेज सुमारे १.२ मि.मी., २० गेज सुमारे ०.९ मि.मी. आणि २२ गेज सुमारे ०.७ मि.मी. आकडा वाढतो तशी जाडी घटते, हे नव्या ग्राहकाने ध्यानात ठेवावे. १६ गेजवर चाललेली युक्ती २२ गेजवर चालेलच असे नाही. त्याचे कारण या घनाच्या हिशेबात आहे.

दुसरे कारण पत्र्याच्या पोटात असते. थंड अवस्थेत रुळांतून दाबून काढलेल्या पत्र्याच्या पृष्ठभागांत ताण कोंडलेले असतात. दोन्ही बाजूंचे ताण एकमेकांना तोलून धरतात, तोवर पत्रा सपाट राहतो. एका बाजूचा थर खरवडला, की तोल बिघडतो आणि पत्रा धनुष्यासारखा वळतो. म्हणून जाडी कमी करायची असेल तर दोन्ही बाजूंनी आलटून पालटून थोडे थोडे काम करावे.

तिसरे कारण उष्णता. पोलादाची एक मीटर लांबी प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे १२ मायक्रॉन वाढते आणि ॲल्युमिनियमची सुमारे २३. दोनशे मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी कामाच्या भरात २० अंशांनी तापली तर ती जवळजवळ ०.०९ मि.मी. लांब होते. दोन्ही टोकांना ती जखडलेली असेल तर वाढलेली लांबी जाणार कुठे? पट्टी मधोमध फुगते, हत्यार तेथे जास्त कापते आणि थंड झाल्यावर त्याच जागी खळगा दिसतो.

छिद्र पाडताना होणारा घात

घरगुती कार्यशाळेतील अनेक अपघात ड्रिल मशीनवर पत्रा हाताने धरल्यामुळे होतात. त्यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. नेहमीच्या ड्रिलचे टोक ११८ अंशांच्या कोनाचे असते. अशा टोकाची उंची ड्रिलच्या व्यासाच्या सुमारे तीन दशांश भरते. म्हणजे १० मि.मी. ड्रिलचे टोक सुमारे ३ मि.मी. उंच. पत्रा दीड मिलिमीटरचा असेल तर टोक खालून बाहेर पडते तेव्हा ड्रिलच्या कडा अजून पत्र्यात शिरलेल्याही नसतात. टोकाचा आधार सुटतो, कडांना आधार मिळालेला नसतो आणि ड्रिल भरकटते. छिद्र गोल न होता तीन कोपऱ्यांचे होते. त्याच क्षणी ड्रिलचा पीळ स्क्रूसारखा पत्र्यात घुसतो, पत्रा वर उचलला जातो आणि ड्रिलबरोबर फिरू लागतो. मोकळा फिरणारा पत्रा म्हणजे गोल फिरणारी सुरीच होय.

यावर सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे लाकूड. पत्र्याखाली सपाट फळी द्यावी, वरही एक पातळ फळी ठेवावी आणि हा संच दोन क्लॅम्पांनी टेबलाला जखडावा. वरची फळी ड्रिलच्या टोकाला सुरुवातीपासून वाट दाखवते. टोक पत्र्यातून खाली उतरले तरी त्याला खालच्या फळीचा आधार मिळतो, आणि कडेला बरही फारशी उठत नाही. सागवान, आंबा किंवा एम.डी.एफ. यांपैकी काहीही चालते. फळी सपाट आणि भरीव असली म्हणजे झाले. पोकळी पडलेली जुनी फळी मात्र उपयोगाची नाही, कारण नेमक्या त्या पोकळीवर पत्रा दबतो.

क्लॅम्प लावणे शक्य नसेल तेव्हाही पत्रा फिरण्यास अटकाव करणारी खुंटी अवश्य असावी. टेबलाच्या खाचेत एक बोल्ट उभा करावा आणि पत्र्याची लांब बाजू त्याला टेकेल अशी मांडणी करावी. ड्रिल वरून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते, हे लक्षात घेऊन खुंटी पत्रा ज्या बाजूने येऊन धडकेल त्या बाजूला ठेवावी. खुंटी पत्र्याला फिरू देत नाही, पण वर उचलण्यापासून वाचवत नाही. ते काम क्लॅम्पचेच.

मोठ्या छिद्रांसाठी पायऱ्यांचे ड्रिल उत्तम. त्याची प्रत्येक पायरी थोडाच भाग कापते, आणि एका वेळी एकच व्यास कापला जात असल्याने छिद्र गोल राहते. पत्र्यासाठी नेहमीच्या ड्रिललाही निराळी धार लावता येते. मध्ये लहान टोक आणि कडेला दोन टोके ठेवली, की कडेची टोके प्रथम वर्तुळ आखतात आणि मधला भाग चकतीसारखा सुटतो. पितळेवर काम करताना ड्रिलच्या धारेचा उतार दगडाने किंचित मारून टाकण्याची जुनी पद्धत आहे. त्यामुळे ड्रिल खरवडते, घुसत नाही. वेगाबाबत सांगायचे तर माइल्ड स्टीलमध्ये १० मि.मी.च्या हाय स्पीड स्टील ड्रिलसाठी मिनिटाला सुमारे ८०० फेरे पुरतात.

व्हाइसची मर्यादा

व्हाइस, म्हणजेच शेगडा, हे प्रत्येक कार्यशाळेतील पहिले साधन. पण पातळ पत्रा आडवा धरून दोन कडांनी दाबला, तर तो लगेच मधोमध वर फुगतो. कारागीर पकड ढिली होते म्हणून आणखी आवळतो आणि फुगवटा वाढतो. वरून सपाट दिसणारे काम व्हाइस उघडताच उलट दिशेने वळते.

पत्र्याच्या कडेवर काम असेल तर मात्र व्हाइससारखे साधन नाही. त्यासाठी पत्रा उभा धरावा आणि दोन्ही बाजूंना लोखंडी अँगलचे सरळ तुकडे किंवा कठीण लाकडाच्या पट्ट्या द्याव्यात. आखलेली रेघ अँगलच्या वरच्या कडेशी जुळवावी आणि तेवढाच भाग बाहेर ठेवून कानस चालवावी. जितका पत्रा बाहेर, तितकी थरथर अधिक. हॅक्सॉने कापताना एका वेळी निदान तीन दात पत्र्याच्या जाडीत असावेत, असा संकेत आहे. इंचाला ३२ दातांच्या पात्यातही दोन दातांतील अंतर सुमारे ०.८ मि.मी. असते, म्हणजे तीन दातांसाठी जवळजवळ अडीच मिलिमीटर जाडी हवी. त्याहून पातळ पत्रा दोन फळ्यांच्या मधे धरून फळ्यांसकट कापावा, म्हणजे दात अडकून तुटत नाहीत.

पत्र्याच्या सपाट अंगावर कानस फिरवायची असेल तेव्हा खिळ्यांची फळी कामी येते. फळीवर पत्रा ठेवून त्याच्या चारही कडांना लागून बारीक खिळे ठोकावेत आणि त्यांची डोकी पत्र्याच्या पातळीखाली राहतील अशी छाटावीत. पत्रा सरकत नाही, वरून दाब नाही आणि कानस मोकळी फिरते. या साधनाचा खर्च जवळजवळ शून्य आहे.

आधारफळी आणि स्क्रू

मिलिंग मशीनवर किंवा लेथला जोडलेल्या मिलिंगच्या जोडणीवर पत्र्याचा आकार कापायचा असेल, तर ‘खर्ची पडणारी आधारफळी’ ही कल्पना आत्मसात करणे आवश्यक ठरते. ॲल्युमिनियमची जाड पट्टी किंवा एम.डी.एफ.ची फळी टेबलावर बसवावी. तिचा वरचा भाग त्याच यंत्रावर हलकेच कापून सपाट करावा आणि मग तिच्यावर पत्रा बसवावा. कटर पत्रा पार करून फळीत थोडा शिरला तरी चिंता नाही. पत्र्याला सर्वत्र खालून आधार मिळत असल्याने तो दबत नाही आणि वाजतही नाही.

पत्रा फळीला बांधण्याचा सर्वोत्तम मार्ग म्हणजे त्याच्या स्वतःच्याच छिद्रांचा वापर. बहुतेक झाकणांना, पट्ट्यांना छिद्रे असतातच. ती आधी पाडावीत, त्यांतून स्क्रू घालून पत्रा फळीवर बसवावा आणि मग बाहेरचा आकार कापावा. छिद्रे नसतील तर पत्रा मापापेक्षा मोठा घ्यावा आणि स्क्रू वाया जाणाऱ्या भागात मारावेत. क्लॅम्प वापरले तर काम एका बाजूने पूर्ण करून नवा क्लॅम्प आधी लावावा आणि नंतरच जुना काढावा. दोन्ही एकदम सैल झाले, की पत्रा केसभर सरकतो आणि माप जाते.

क्लॅम्पची पट्टी लावतानाही एक नियम पाळावा. पट्टीचे मागचे टोक ज्या ठोकळ्यावर टेकते तो पत्र्यापेक्षा किंचित उंच असावा आणि बोल्ट पत्र्याच्या जवळ असावा. बोल्ट ठोकळ्याच्या जवळ गेला तर सारा दाब ठोकळ्यावर पडतो आणि कारागिराला मात्र पकड घट्ट झाल्याचा भास होतो.

कटरची निवडही पकडीचाच भाग आहे. नेहमीच्या एंड मिलचा पीळ कीस वर ओढतो आणि किसाबरोबर पत्राही वर ओढला जातो. म्हणून कटर लहान व्यासाचा आणि ताज्या धारेचा असावा. एका फेरीत थोडेच खोल कापावे. सरळ धारेचा किंवा उलट पिळाचा कटर मिळाला तर पत्रा खाली दाबला जातो. हलक्या, थोड्या झिजलेल्या यंत्रावर कटरच्या फिरण्याच्या दिशेविरुद्ध काम सरकवावे. दोघांची दिशा एक झाली तर कटर टेबलाला आपल्याकडे खेचतो आणि पातळ पत्रा त्या झटक्यात दुमडतो.

चिकटवून धरण्याची पद्धत

जेथे क्लॅम्पला जागा नाही आणि छिद्रही नाही, तेथे चिकटवण्याचा मार्ग उरतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पातळ टेप सर्वांत सोपी. फेसासारखी जाड टेप घेऊ नये, कारण ती दबते आणि माप बदलते. पत्रा व आधार तेलमुक्त करून पुसावेत, टेप एकावर एक न चढवता लावावी आणि पत्रा व्हाइसमध्ये किंवा वजनाखाली दाबून बसवावा. टेपची ताकद क्षेत्रफळावर अवलंबून असते. तळहाताएवढा पत्रा ती चांगला धरते, आगपेटीएवढा तुकडा मात्र केवळ टेपच्या भरवशावर सोडू नये.

दुसरी रीत झटपट चिकटणाऱ्या सायनोॲक्रिलेट गोंदाची. हे रसायन १९४२ मध्ये अमेरिकेत ईस्टमन कोडक कंपनीतील हॅरी कूव्हर यांच्या हाती लागले आणि १९५८ मध्ये बाजारात आले. यंत्रकाम करणाऱ्यांनी त्याला एक जोड दिली. पत्र्याच्या पाठीला आणि आधारफळीला प्रत्येकी कागदी मास्किंग टेप लावायची आणि दोन टेपांच्या मधे गोंद घालायचा. काम संपल्यावर टेप सोलली, की दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ राहतात. गोंद थेट धातूला लावला असेल तर पत्रा गरम करावा. नेहमीच्या प्रकारच्या गोंदाची पकड ८० अंश सेल्सिअसच्या पुढे सैल होऊ लागते. गरम करताना निघणारा धूर डोळ्यांना व घशाला झोंबतो, त्यामुळे हे काम उघड्यावर करावे. उरलेला गोंद ॲसिटोनने निघतो, पण ॲसिटोन पेट घेणारे आहे. वेल्डिंगच्या जागेजवळ त्याची बाटली उघडू नये.

विदर्भातील वाचकांनी येथे हवामानाचाही विचार करावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा टिनाच्या छपराखालील यंत्राचे टेबल त्याहूनही तापलेले असू शकते. त्यात कापण्याची उष्णता मिळाली, की टेपचा चिकटपणा पातळ होतो आणि पत्रा हळूहळू सरकतो. असे काम सकाळच्या वेळी करणे आणि हत्यारावर थेंब थेंब शीतक सोडणे हिताचे.

सोनाराची राळ, पळसाची लाख

चिकटवून धरण्याची ही विद्या आधुनिक गोंदापेक्षा कितीतरी जुनी आहे. उठावाचे नक्षीकाम करणारा सोनार सोन्या-चांदीचा पातळ पत्रा राळेवर बसवतो. राळेत विटकरीची पूड आणि थोडे तेल मिसळलेले असते. गरम असताना ती मऊ असते, निवल्यावर पत्र्याला सर्वत्र आधार देते आणि ठोक्याबरोबर थोडी दबते. घड्याळजी मंडळी तर पितळेची इवलीशी चाके लाखेवर चिकटवून लेथवर कातत आली आहेत.

लाखेचा कीटक पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढतो आणि हे वृक्ष विदर्भाला परके नाहीत. स्वच्छ केलेल्या लाखेचे पापुद्रे, म्हणजे चपडी, रंगकामाच्या दुकानांत मिळते. तिचा वापर असा : पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा एक सपाट ठोकळा गरम करावा, त्यावर चपडी पसरून वितळू द्यावी, पत्रा तिच्यावर ठेवून घासत दाबावा आणि वजन ठेवून निवू द्यावा. चपडी साधारणतः ६५ ते ८० अंशांच्या दरम्यान मऊ होऊन वितळते, त्यामुळे काम सुटे करण्यासाठी मंद आच पुरते. उरलेला थर स्पिरिटमध्ये विरघळतो. कापण्याची खोली अल्प ठेवली आणि काम तापू दिले नाही, तर ही पकड पितळ व तांब्याच्या पत्र्याला फार मानवते. टेप व गोंद यांच्या तुलनेत तिचा आणखी एक गुण म्हणजे ती पत्रा व ठोकळा यांच्यातील सूक्ष्म फटी भरून काढते.

चुंबक आणि हवेचा दाब

पोलादी पट्टी घासून सपाट करण्यासाठी सरफेस ग्राइंडरवर चुंबकी चक वापरतात. दाबणारी पट्टी नाही, वरचा सारा भाग मोकळा, ही त्याची सोय. मात्र पत्रा जितका पातळ, तितकी त्यातून कमी चुंबकरेषा जाऊ शकतात आणि पकड घटते. बारीक अंतरावर ध्रुव असलेला चक पातळ कामाला बरा. पितळ, ॲल्युमिनियम आणि भांड्यांना वापरतात त्या प्रकारचे स्टेनलेस स्टील चुंबकाला दाद देत नाहीत. अशा वेळी कामाच्या चारही बाजूंना त्याहून किंचित पातळ पोलादी पट्ट्या ठेवून कोंडी करतात.

चुंबकाची फसवणूकही लक्षात घ्यावी. आधीच वाकलेला पत्रा चुंबक ओढून सपाट करतो, वरून घासला की तो आरशासारखा दिसतो आणि चुंबक बंद करताच पुन्हा वाकतो. त्यावर उपाय म्हणजे पत्र्याखालील पोकळीत कागदाच्या घड्या द्याव्यात, त्याला आहे त्या आकारातच टेकवावे, वरचे उंचवटे हलके घासावेत आणि मग पत्रा उलटावा. दोन-तीन उलटापालटींत दोन्ही बाजू खऱ्या अर्थाने सपाट होतात. विजेवर चालणाऱ्या चुंबकी चकाबाबत एक धोका असतो. वीज अचानक गेली तर पकडही जाते, पण ग्राइंडरचे चाक काही काळ फिरतच राहते. घरगुती कामासाठी खटक्याने चालू-बंद होणारा कायम चुंबकाचा चक अधिक सुरक्षित.

हवेच्या दाबाने पत्रा धरण्याची निर्वात पद्धतही घरी करता येते. सतराव्या शतकात जर्मनीतील ओटो फोन गेरिके यांनी धातूच्या दोन पोकळ अर्धगोलांतील हवा काढून ते घोड्यांच्या जोड्यांनाही वेगळे करता येत नाहीत, हे दाखवले होते. तत्त्व तेच. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम भार टाकतो. आडव्या-उभ्या खाचा पाडलेल्या पट्टीच्या कडेला रबराची दोरी बसवून वर दहा बाय दहा सेंटिमीटरचा पत्रा ठेवला आणि खालची चार पंचमांश हवा काढली, तर पत्र्यावर सुमारे ८० किलोग्रॅमचा दाब येतो. पण हा दाब खाली दाबणारा असतो. आडव्या दिशेला केवळ घर्षणाचा अटकाव मिळतो आणि तो पंधरा-सोळा किलोग्रॅमच्या आसपासच भरतो. म्हणून निर्वात पकडीलाही कडेला खुंट्या लागतात. पंपासाठी जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर वापरण्याची प्रथा आहे. मात्र त्यातील वायू जाणकाराकडूनच काढून घ्यावा, कारण अलीकडच्या अनेक फ्रिजमध्ये पेट घेणारा आयसोब्युटेन असतो.

लेथवरील चकत्या

पातळ चकती तीन जॉच्या चकात धरली, की तीन ठिकाणी दबते आणि सुटल्यावर तीन कोपऱ्यांची होते. एकसारखे अनेक वॉशर हवे असतील तर पत्र्याचे चौकोनी तुकडे कापावेत, मधोमध छिद्र पाडून ते एका दांड्यावर ओवावेत आणि दोन्ही टोकांना जाड चकत्या घालून नटाने आवळावेत. दहा पातळ तुकडे मिळून एक जाड ठोकळा होतो आणि तो निर्धास्त कातता येतो.

मध्ये छिद्र नको असेल तर चकातील ठोकळा आणि टेलस्टॉकमधील फिरता सेंटर यांच्या दरम्यान पत्रा दाबून धरावा. सेंटर आणि पत्रा यांच्यामध्ये एक लहान चकती ठेवावी, म्हणजे पत्र्यावर टोकाची खूण उमटत नाही. ठोकळ्यावर कागद किंवा बारीक सँडपेपर लावला तर घर्षण वाढते. चकतीच्या तोंडावर काम असेल तेव्हा ठोकळ्यावर गोंदाने किंवा लाखेने चिकटवण्याचा मार्ग घ्यावा. ठोकळ्याचे तोंड त्याच बैठकीत कातून घेतलेले असावे. चकातून काढून पुन्हा लावलेल्या ठोकळ्याच्या तोंडावर विसंबू नये.

एका झाकणाचा क्रम

उदाहरणादाखल १६ गेज पोलादी पत्र्याचे १२० बाय ८० मि.मी. झाकण घेऊ. चार कोपऱ्यांत ६ मि.मी.ची छिद्रे आणि मधोमध ४० मि.मी.चा गाळा हवा आहे.

प्रथम पत्रा चारही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर मोठा कापावा आणि लाकडी ठोकळीने सपाट करावा. दोन फळ्यांच्या मधे धरून कोपऱ्यांची छिद्रे पाडावीत व बर काढावी. बर राहिली तर पत्रा आधारफळीवर टेकत नाही. मग त्याच छिद्रांतून चार स्क्रूंनी पत्रा फळीवर बसवावा. गाळा कापण्यापूर्वी मधल्या, वाया जाणाऱ्या चकतीतही एक स्क्रू अवश्य मारावा. ही पायरी वगळली तर शेवटच्या क्षणी चकती सुटते, कटर व पत्रा यांच्यात अडकते आणि कटर तरी मोडते किंवा झाकण तरी. गाळा झाल्यावर, स्क्रू न हलवता, बाहेरच्या कडा मापाला आणाव्यात. छिद्रे, गाळा व कडा एकाच बैठकीत झाल्यामुळे त्यांचे परस्परांतील माप बिघडत नाही. शेवटी कडा कानशीने मोडाव्यात. ताज्या कापलेल्या पत्र्याची धार वस्तऱ्याइतकीच कापते.

कोठे थांबावे?

प्रत्येक काम घरी करण्याचा अट्टहासही योग्य नव्हे. विदर्भात प्रचलित असलेल्या डबल रोलर जिनमध्ये रोलरला टेकलेल्या स्थिर सुऱ्या आणि त्यांच्या लगत खाली-वर हलणारी सुरी यांच्यामुळे सरकीपासून रुई वेगळी होते. या लांब, सपाट सुऱ्या सरळ असणे रुईच्या प्रतीसाठी आणि यंत्राच्या सुरक्षिततेसाठी निर्णायक असते. त्यांना धार लावण्यासाठी पूर्ण लांबीला आधार देणारा ग्राइंडर लागतो. पडवीतील साधनांवर हे काम करू नये. १९२४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे आणि तेथे या यंत्रांच्या देखभालीचे शिक्षण मिळते. झाकणे, वॉशर, शिम, पट्ट्या हे घरगुती कार्यशाळेचे खरे क्षेत्र होय.

ध्यानात ठेवावे असे

- फिरत्या ड्रिलखाली पत्रा हाताने कधीही धरू नये.
- यंत्रावर काम करताना हातमोजे, सैल बाह्या, उपरणे किंवा गळ्यातील साखळी नसावी. ड्रिलला हातमोज्याचा धागा अडकला तरी हात ओढला जातो.
- चष्मा आवश्यक. पितळेचा कीस सुईसारखा उडतो.
- पत्रा फिरू लागलाच तर तो पकडायला जाऊ नये. आधी वीज बंद करावी.
- काम सुरू करण्यापूर्वी पत्रा बोटाने दाबून पाहावा. कोठेही लवला किंवा वाजला तर तेथे आधार नाही असे समजावे.
- शेवटचे माप घेण्यापूर्वी पकड सोडून पत्रा निवू द्यावा. जखडलेल्या आणि तापलेल्या पत्र्याचे माप खरे नसते.

पत्रा पकडण्याच्या या पद्धतींपैकी बहुतेकांना महागडे यंत्र लागत नाही. सपाट फळी, चार स्क्रू, दोन क्लॅम्प, चिमूटभर चपडी आणि अर्धा तास विचार एवढ्या सामग्रीवर तालुक्याच्या गावातही नेमके काम होऊ शकते. अनेकदा कापण्यास पाच मिनिटे लागतात आणि पकडण्याच्या तयारीस तासभर. हा तास वाया गेला असे मानण्याचे कारण नाही. बिघडलेला पत्रा पुन्हा आणता येतो, गेलेले बोट आणता येत नाही.